शेतकऱ्यांचा शिष्य आणि इंदूरचे खत : सर अल्बर्ट हॉवर्ड



इंदूर म्हटले की देवी अहिल्याबाई आणि होळकर घराण्याची नावे आपल्या ओठांवर सहज येतात. पण ह्याच इंदूरचे नाव जगातील कितीतरी देशांच्या शेतकीच्या पुस्तकांत छापले गेले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. काडीकचरा, शेण आणि माती यांपासून उत्तम खत तयार करण्याच्या एका रीतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. ही पद्धत आपल्या शहराच्या वेशीवर तयार झाली. ती ज्यांनी जगापुढे मांडली ते गृहस्थ इंग्रज होते. त्यांचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

त्यांचा परिचय करून देण्याचे कारण केवळ इंदूरचा अभिमान एवढेच नाही. राज्यकर्त्यांच्या देशातून, केंब्रिजची पदवी आणि मोठा हुद्दा घेऊन आलेला एक शास्त्रज्ञ आपल्या देशातील निरक्षर शेतकऱ्यापुढे विद्यार्थी म्हणून उभा राहिला, ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. ती आपल्या मुलांनी समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

बालपण, शिक्षण आणि पहिली नोकरी

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या लहानशा गावी झाला. वडील शेतकरी होते. त्यामुळे गोठा, नांगर आणि पिके यांची ओळख त्यांना पुस्तकांच्या आधी झाली. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये त्यांनी विज्ञानाचे व शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर गेले. ऊस व इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहावी, तिचे वर्णन लिहावे आणि शेतकऱ्याला उपाय सांगावा, असा दिनक्रम होता. पण लवकरच त्यांना एक गोष्ट बोचू लागली. आपण ज्यावर उपाय सांगतो ते पीक आपण स्वतः कधी लावलेले नाही, आपल्याजवळ स्वतःची एक वाफाभर जमीनही नाही, मग आपल्या सल्ल्याला अर्थ काय? शेतकऱ्याच्या मुलालाच पडावा असा हा प्रश्न होता. त्याने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही.

१९०३ ते १९०५ या काळात त्यांनी इंग्लंडमध्ये वाय येथील कृषी महाविद्यालयात काम केले. १९०५ मध्ये भारत सरकारच्या कृषी खात्यात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते बिहारमधील पुसा येथे दाखल झाले. आज दिल्लीत 'पुसा' नावाने ओळखली जाणारी मोठी कृषी संशोधन संस्था आहे. तिचे मूळ ठिकाण म्हणजे बिहारमधील हेच पुसा. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतीची फार हानी झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. नाव मात्र जुनेच राहिले.

पुसाची शाळा

पुसा येथे हॉवर्ड यांना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. बार्बाडोसमध्ये जे नव्हते ते आता हाती आले होते. पिकांवरील रोगांचे मूळ शोधायचे तर आधी निरोगी पीक कसे असते ते पाहिले पाहिजे, असा त्यांनी विचार केला. मग ते आसपासच्या खेड्यांतील शेते पाहू लागले. त्या शेतांत औषधाची फवारणी नव्हती, कारखान्यातले खतही नव्हते. तरीही तेथील पिकांना कीड व रोग यांचा उपद्रव त्यांना फार कमी दिसला.

येथे हॉवर्ड यांनी जो निर्णय घेतला तो त्या काळच्या साहेबी खात्यात कोणालाही विचित्र वाटला असता. त्यांनी ठरविले की, आता काही वर्षे हे शेतकरीच आपले गुरू. आणि दुसरे गुरू कोण? तर कीड आणि रोग! ज्या पिकावर कीड पडते, त्या पिकाच्या जमिनीत किंवा मशागतीत काहीतरी चुकले आहे असे ती कीडच सांगत असते, अशी त्यांची धारणा झाली. कीड मारण्याची घाई करण्यापूर्वी ती काय सांगते ते ऐकावे, असे त्यांचे म्हणणे होते.

या गुरूंकडून ते काय शिकले?

पहिली गोष्ट म्हणजे मिश्र पीक. आपला शेतकरी ज्वारीबरोबर तूर लावतो, कापसात तुरीच्या ओळी घालतो, गव्हात हरभरा पेरतो. शहरी माणसाला हा गोंधळ वाटतो. पण तूर, हरभरा, मूग, उडीद या द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. युरोपात ही गोष्ट हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात सिद्ध केली. आपल्या शेतकऱ्याला जिवाणूंची माहिती नव्हती, पण द्विदल पिकाने जमीन सुधारते हे त्याला शेकडो वर्षांपासून माहीत होते. एकाच शेतात पिके आलटून पालटून घेण्याला मराठीत 'बेवड' असा स्वतंत्र शब्द आहे. शब्द तेव्हाच तयार होतो जेव्हा ती गोष्ट लोकांच्या नित्य वापरात असते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुळांचे काम. तुरीचे मूळ खोल जाते. खालची घट्ट माती ते फोडते, हवा व पाणी आत जाण्याला वाट करून देते आणि नंतर तेथेच कुजून पुढच्या पिकाला उपयोगी पडते. नांगर जेथे पोहोचत नाही तेथे तूर नांगरते, असेच म्हणा ना!

तिसरी गोष्ट म्हणजे जनावर आणि शेत यांचा जोड. बैलाला कडबा शेतातून मिळतो आणि शेताला शेण बैलाकडून मिळते. हे चक्र चालू असेल तर जमीन म्हातारी होत नाही.

हॉवर्ड यांनी स्वतःच्या बैलजोड्या पाळल्या, त्यांना आपल्या शेतातला उत्तम चारा घातला, आणि शेजारच्या आजारी जनावरांशी तोंडाला तोंड लागूनही आपल्या बैलांना लाळ-खुरकुताची लागण झाली नाही, अशी नोंद करून ठेवली. आजच्या विज्ञानाप्रमाणे एवढ्या निरीक्षणावरून सिद्धांत मांडता येत नाही. या रोगावर लसीकरणच आवश्यक आहे, हे गुरे पाळणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे. पण जमिनीचे आरोग्य, पिकाचे आरोग्य आणि जनावराचे व माणसाचे आरोग्य हे एकाच साखळीचे दुवे आहेत, हा हॉवर्ड यांचा विचार येथूनच निघाला.

सहधर्मचारिणी आणि सहशास्त्रज्ञ

हॉवर्ड यांच्या कार्याची गोष्ट गॅब्रिएलबाईंच्या उल्लेखावाचून अपुरी आहे. गॅब्रिएल मॅथाई या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९०५ मध्ये मुंबईत त्यांचा हॉवर्ड यांच्याशी विवाह झाला. पुढची २५ वर्षे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले. १९१३ मध्ये बाईंना सरकारी खात्यात दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद मिळाले. त्या काळी स्त्रीला असे पद मिळणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती. विद्यार्थिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

दोघांनी गव्हावर केलेले संशोधन फार महत्त्वाचे ठरले. भारतातील गव्हावरील त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशी गव्हांतूनच निवड करून त्यांनी 'पुसा ४' आणि 'पुसा १२' अशी वाणे तयार केली व ती दूरवर पसरली. १९१० पासून काही वर्षे उन्हाळ्यात ते बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे फळबागांवर काम करीत. तेथे जमिनीतील ओल नीट जपली तर गव्हाचे पाणी किती वाचते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले.

पुसाहून इंदूरला

एवढे यश मिळत असताना हॉवर्ड यांनी पुसा का सोडले? कारण तेथे प्रत्येक शास्त्राचे खाते वेगळे होते. वनस्पतिशास्त्रज्ञाने झाड पाहावे, बुरशीतज्ज्ञाने बुरशी, कीटकतज्ज्ञाने कीड आणि रसायनतज्ज्ञाने माती. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही. शेतकऱ्याच्या शेतात मात्र अशी खाती नसतात. त्याच्यापुढे जमीन, पाणी, बैल, बी आणि कीड हे सगळे एकदमच उभे असते. पिकाचा अभ्यास असा अखंडपणे करता येईल अशी संस्था हॉवर्ड यांना हवी होती.

ती संधी इंदूरने दिली. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने पैशाची मदत केली, इंदूर दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली, आणि १९२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले. शिवाय मध्य भारत व राजपुताना येथील संस्थानांचे शेतकी सल्लागार म्हणूनही ते काम पाहू लागले. पुढे त्याच परिसरात इंदूरचे शासकीय कृषी महाविद्यालय उभे राहिले. आपल्यापैकी अनेक जण त्या रस्त्याने जातात, पण ह्या जागेचा इतिहास फार थोड्यांना माहीत असतो.

माळव्याची काळी माती हॉवर्ड यांना नवी होती. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि तिच्यात हवा शिरत नाही. उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात. इथला शेतकरी ह्या मातीला ओळखून होता. तो ऊठसूट खोल नांगरत नसे. वरवर वखर फिरवून जमीन तयार करीत असे. खोल नांगरणीचे काम उन्हाळ्यात भेगा पडून माती स्वतःच करून घेते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हा आळस वाटला असता. हॉवर्ड यांनी त्यामागील शहाणपण ओळखले.

इंदूर पद्धत म्हणजे काय?

माळव्यातील जमिनीला सेंद्रिय खताची भूक होती. पण खत येणार कोठून? सरपणाची टंचाई असल्यामुळे शेणाच्या गोवऱ्या, म्हणजे इथल्या बोलीत कंडे, थापून जाळल्या जात. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून वाया जाई. उकिरड्यावर जे पडे ते उन्हात वाळे व पावसात वाहून जाई. दुसरीकडे कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीची तुराटी, धसकटे, तण आणि पालापाचोळा एक तर जाळला जाई, नाही तर पडून राही.

हॉवर्ड यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. सरपण नसेल तर तो शेण जाळणारच. म्हणून त्यांनी असा विचार केला की, थोड्या शेणात पुष्कळ खत तयार झाले पाहिजे. चीनमधील शेतकरी कोणताही कचरा वाया न घालविता कुजवून शेतात घालतात, हे त्यांनी एफ. एच. किंग या अमेरिकन लेखकाच्या १९११ च्या ग्रंथात वाचले होते. चीनची ही युक्ती आणि भारताचा गोठा यांची त्यांनी सांगड घातली.

पद्धत थोडक्यात अशी. कापसाच्या कठीण पऱ्हाट्या आधी रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून मऊ होतात. मग त्या इतर काडीकचऱ्याबरोबर गोठ्यात बैलांखाली अंथरायच्या, म्हणजे गोमूत्र व शेण त्यांत मुरते. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची. गोमूत्र प्यालेली ती मातीही खणून खतात घ्यायची व तिच्या जागी नवी माती टाकायची. नंतर सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल, उतरत्या कडांच्या खड्ड्यात हे सर्व थरांनी भरायचे. मध्ये शेणकाला, थोडी राख आणि ही माती घालायची व पाणी शिंपडायचे. खड्डा फार खोल करायचा नाही आणि माल तुडवायचा नाही, कारण कुजविणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. काही दिवसांत ढीग आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. त्या उष्णतेने तणांचे बी आणि रोगाचे जंतू मरतात. साधारण दोन आठवड्यांनी, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीन वेळा तो माल उलथायचा. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत आणि दुर्गंध नसलेले खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग करायचे.

यात यंत्र नाही, विकत आणायचे रसायन नाही. जे आहे ते शेतकऱ्याच्या घरचेच आहे. हॉवर्ड यांनी त्याला प्रमाण, वेळ आणि मोजमाप दिले. किती काडीकचऱ्याला किती शेण, पाणी केव्हा, उलथणी केव्हा, हे वर्षानुवर्षे प्रयोग करून ठरविले. परंपरेने दिशा दाखविली आणि विज्ञानाने ती वाट पक्की केली.

ह्या कामात त्यांचे एक महत्त्वाचे सहकारी होते यशवंत वाड. नाव वाचताच आपल्याला आपल्यातलेच कोणी वाटावेत असे हे नाव आहे. संस्थेत रसायनशास्त्राचे काम ते पाहत. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंदूर पद्धतीवरील मूळ ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड अशी दोन्ही नावे छापली गेली. हॉवर्ड इंग्लंडला परतल्यावरही वाड यांचे काम थांबले नाही. १९३४ मध्ये त्यांनी व एफ. के. जॅक्सन यांनी वस्तीतील कचरा व मैला यांची ह्याच पद्धतीने विल्हेवाट कशी लावावी, यावर निबंध लिहिला. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात देशात पहिले आले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. शहराचा कचरा म्हणजे संपत्ती आहे, हा विचार ह्याच शहरात इतक्या आधी लिहिला गेला होता, हेही आपल्याला ठाऊक असावे.

आणि ज्यांनी प्रत्यक्ष खड्डे भरले, ढीग उलथले, गोठे झाडले, त्या स्त्री-पुरुष मजुरांची नावे? ती कोणत्याही ग्रंथात नाहीत. हॉवर्ड मजुरांना वेळेवर पूर्ण पगार मिळावा, कामाचे तास बेताचे असावेत, याबद्दल आग्रही होते ही समाधानाची बाब आहे. पण नावे राहून गेली ती गेलीच.

इंदूरनंतर

१९३० च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएलबाईंचे निधन झाले. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर आराम करण्याऐवजी त्यांनी इंदूर पद्धतीच्या प्रसाराला वाहून घेतले. भारत व सिलोनमधील चहाचे मळे, पूर्व आफ्रिकेतील कॉफीचे मळे अशा अनेक ठिकाणी ती स्वीकारली गेली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि नंतर आपल्या 'हरिजन' पत्रातून ह्या खताची माहिती वाचकांना दिली.

१९४० मध्ये हॉवर्ड यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ निघाला. तो त्यांनी गॅब्रिएलबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात त्यांनी भारतातील शेतकऱ्यांकडून आपण काय शिकलो ते मोकळेपणाने लिहिले. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले, तेही हॉवर्ड यांच्या विचाराने भारावून. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या संस्थापकांत हॉवर्ड यांचे नाव पहिल्या ओळीत घेतात. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे योग्य नाही. हॉवर्ड हे ब्रिटिश साम्राज्याचे नोकर होते. पुसाचा गहू असो की इंदूरचा कापूस, त्यात व्यापार आणि गिरण्या यांचा स्वार्थ होताच. उत्तम खतावर वाढलेल्या पिकाला रोग जवळजवळ होतच नाही, हा त्यांचा दावाही पुढील संशोधनात पूर्णपणे टिकला नाही. १९६० च्या दशकातील हरितक्रांतीत सुधारित बियाणे व रासायनिक खते यांनी देशाच्या अन्नाची चिंता दूर केली, हेही तितकेच खरे. पण जमिनीत सेंद्रिय अंश नसेल तर रासायनिक खताचाही पूर्ण उपयोग होत नाही, हे आता कृषिशास्त्रज्ञ सांगत आहेत. माळव्यात गेल्या काही दशकांत सोयाबीन इतके पसरले की ज्वारी-तुरीची जुनी मिश्र शेते मागे पडली. एकेकाळी जे साहेबाने आपल्याकडून शिकून घेतले, ते आता आपल्यालाच त्याच्या पुस्तकातून शिकावे लागण्याची वेळ आली आहे.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थ्यांनो, हॉवर्ड यांच्याआधी १८८९ मध्ये व्होल्कर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ भारतातील शेती सुधारण्यासाठी पाठविले गेले होते. त्यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात इथल्या शेतकऱ्याच्या कौशल्याची मनापासून दखल घेतली. म्हणजे डोळे उघडे ठेवून जो आला, त्याला हे ज्ञान दिसले. आपल्याला मात्र ते दिसत नाही, कारण ते इंग्रजीत नसते, छापलेले नसते, आणि ज्याच्याजवळ असते त्याच्या अंगावर साधे धोतर किंवा लुगडे असते.

आपली बहुतेक कुटुंबे पिढ्यान्पिढ्या इंदूरात राहून नोकरी-व्यवसायात स्थिरावली. शेतीशी संबंध तुटला. गावाकडून एखादे आजोबा आले आणि पावसाबद्दल, बियाण्याबद्दल बोलू लागले, तर आपली मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. त्या आजोबांजवळ जे आहे ते त्यांच्याबरोबर जाईल, आणि ते परत मिळविण्यासाठी कोणतेही विद्यापीठ उपयोगी पडणार नाही. हे नुकसान आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

मात्र जुने ते सारे सोने असेही समजू नका. हॉवर्ड यांनी शेतकऱ्याला गुरू मानले, पण प्रत्येक गोष्ट तपासली. गोवऱ्या जाळणे ही सुद्धा परंपराच होती. ती त्यांनी उचलली नाही. आदराने ऐकावे, प्रयोगाने तपासावे आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव सांगावे, हे तीन धडे त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहेत.

म्हणून काही सूचना. इयत्ता सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या नात्यातील, शेजारच्या किंवा घरी भाजी घेऊन येणाऱ्या कोणा वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून जमीन, पाणी, बी-बियाणे, खत किंवा झाडे यांविषयी एक तरी जुनी माहिती वहीत लिहून आणावी. माहिती देणाऱ्याचे नाव आणि गाव त्यांना विचारून वर ठळक लिहावे. नाव नसलेली वही स्वीकारली जाणार नाही. मग विज्ञानाच्या तासाला त्या माहितीवर चर्चा होईल आणि शक्य तेथे प्रयोगही करू. पालकांनी मुलांना असे बोलणे घडवून आणण्यासाठी वेळ काढावा.

विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे की, शाळेच्या आवारातील झाडांचा पाला व मुलांच्या डब्यातील ओला कचरा यांसाठी आवाराच्या कोपऱ्यात इंदूर पद्धतीचा एक छोटा खड्डा करण्यास परवानगी द्यावी. खर्च फारसा नाही. तीन महिने धीर धरायचा आणि तीन वेळा फावडे चालवायचे. ज्या शहराच्या नावाने जग हे खत ओळखते, त्या शहरातल्या शाळेत ते तयार होत नसावे, हे बरे दिसत नाही.